‘प्रॅक्टिस होती, मॅडम’

दहावीच्या वर्षात मी सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य बोलले असेन, तर हे. गृहपाठ झाला नाही, प्रॅक्टिस होती. प्रार्थनेला उशीर झाला, प्रॅक्टिस होती. मामाच्या घरच्या बारशाला गेले नाही, प्रॅक्टिस होती. वर्षभरात हे वाक्य एकदाच खोटं होतं. त्या एका वेळेबद्दल मला लिहायचंय, पण त्याआधी घर आणि मैदान सांगायला हवं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आणि शेजारच्या काकू रागावल्या की कन्नड. पप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मम्मी आणि अव्वा विड्या वळतात. अव्वा म्हणजे आजी. सकाळी मला जाग गजरानं नाही, अव्वाच्या कात्रीच्या आवाजानं यायची. रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पानं ती पहाटेच कापायला बसते, सूप मांडीवर घेऊन. मी पावणेपाचला उठायचे, सव्वापाचला घराबाहेर. मैदान, मग अकरा ते पाच शाळा, परत मैदान, साडेसातला क्लास, नऊला घर. आल्या आल्या अव्वा विचारायची, ‘तिन्नावा?’ जेवलीस का? मी ताटावर बसल्या बसल्या डुलक्या काढायचे.

खेळ खो-खो. सोलापूर जिल्ह्यात हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आक्रमणाला नऊ जणी असतात. आठ जणी मधल्या पाटीवर चौकात बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे, आणि नववी पळते. समोर संरक्षणाला एका वेळी तिघी. पळणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा एका खांबाकडे निघाली की मध्येच माघारी वळता येत नाही. पलीकडच्या बाजूची गडी मारायची तर बसलेलीला खो द्यायचा आणि तिच्या जागी बसायचं. पाठीला हात लागला पाहिजे आणि ‘खो’ स्पष्ट ऐकू आला पाहिजे. हात लागायच्या आत बसलेली उठली तर फाऊल.

सुरुवातीला मला पळणंच आवडायचं, बसणं नाही. माझ्यात जोर होता, सूरही चांगला मारायचे, त्यामुळे खो द्यायचं मी लांबवायचे. आमचे सर मैदानाबाहेरून ओरडायचे, ‘सोड की आता! किती पळायलीस!’ दमलेली पोरगी एक-दोन पावलं जास्त पळते तेवढ्यात समोरची निसटते, आणि मग पुढच्या चौघींना तिच्यामागे दुप्पट पळावं लागतं. हे मला सातवीत सांगितलं होतं. अंगात उतरायला नववी उजाडली.

दहावीच्या वर्षी आमचा सतरा वर्षांखालचा संघ शालेय स्पर्धेत शहरात पहिला आला आणि पुणे विभागापर्यंत गेला. तिथं उपांत्य फेरीत हरलो. पण शाळेच्या फळ्यावर आमची नावं लिहिली गेली, प्रार्थनेत टाळ्या वाजल्या, आणि त्या दिवसापासून माझ्या त्या वाक्याला वजन आलं. ‘प्रॅक्टिस होती’ म्हटलं की पुढचा प्रश्न यायचाच नाही.

मॅडमनी विचारलं नाही म्हणून काम नाहीसं होत नव्हतं, ते दुसरं कोणीतरी करत होतं.

पाण्याचंच घ्या. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि बऱ्याचदा पहाटे. पाण्याच्या दिवशी अख्खी गल्ली जागी असते. पिंप, बादल्या, घागरी, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा. घरात चार माणसं तरी लागतात. पप्पा रात्रपाळीला असले की मम्मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. तो सातवीत. मी केसांना रबर लावून, बूट हातात घेऊन त्यांच्यामधून वाट काढत बाहेर पडायचे. पूर्ण वर्षभर. त्याची शाळा सकाळची आहे, आणि पाण्याच्या दिवशी त्याला उशीर व्हायचा, वर्गाबाहेर उभं करायचे. हे मला घरात कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एकदा त्याच्या वहीत शिक्षकांचा लाल शेरा दिसला, ‘वारंवार उशिरा येतो’, तेव्हा मी त्यालाच म्हटलं, ‘लवकर उठत जा की.’ तो काही बोलला नाही. ते माझं वाक्य आजही माझ्या कानात आहे.

आता जर्नल.

दहावीला विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीस गुणांचे आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे. त्यासाठी प्रयोगांचं जर्नल पूर्ण लागतं. सप्टेंबरात विभागीय स्पर्धेसाठी बाहेर होतो तेव्हा माझे दोन प्रयोग राहिले. माझ्या बाकावरची मैत्रीण स्वतःहून म्हणाली, ‘दे, मी लिहून देते की.’ तिचं अक्षर सुरेख आहे, आकृत्या तर पुस्तकातल्यासारख्या. मी दिलं. खरंच वेळ नव्हता, आणि त्या दोन प्रयोगांबद्दल मला आजही काही वाटत नाही, ती मदत होती. पण ऑक्टोबरात स्पर्धा संपल्या. तरी जर्नल तिच्याकडेच राहिलं. नंतर नंतर ती विचारायचीही नाही, मी तिच्या दप्तरात सरकवायचे. जानेवारीपर्यंत सहा प्रयोग तिच्या अक्षरात झाले होते.

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वज निघतात, आणि होम मैदानावर गड्डा भरतो: पाळणे, मौत का कुआँ, खेळणी, भांडी, खाण्याचे स्टॉल. सोलापूरच्या पोरांना दिवाळीएवढंच गड्ड्याचं असतं. त्या आठवड्यात एका संध्याकाळी सरांनी सुट्टी दिली आणि आम्ही संघातल्या सहा जणी थेट गड्ड्यावर गेलो. मैत्रिणीनं शाळा सुटताना विचारलं होतं, ‘भिंगाचा प्रयोग राहिलाय तुझा, आज बसून करू या का?’ मी म्हटलं, ‘प्रॅक्टिस आहे गं.’

अजिबात अडखळले नाही. रोजचंच वाक्य होतं, तोंडातून आपोआप निघालं.

दुसऱ्या दिवशी जर्नल बाकावर होतं. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढणे: आकृती, तक्ता, तीन निरीक्षणं, सरासरी. सगळं.

शुक्रवारी मॅडमनी जर्नल तपासले. आमच्या दोघींचे एकाखाली एक आले असावेत. माझी मैत्रीण ‘ळ’ काढते तेव्हा त्याची दोन्ही वेटोळी अगदी गोल, सारखी, डोळ्यांसारखी काढते. माझा ळ घाईतला, एक वेटोळं उघडंच राहतं. मॅडमनी दोन्ही जर्नल उघडून टेबलावर शेजारी ठेवले आणि तिला उभं केलं. ‘हे तू लिहिलंस?’ ती हो म्हणाली. मग दहा मिनिटं तिला ऐकावं लागलं. दुसऱ्याला फसवायला शिकवतेस, हुशार मुलीकडून ही अपेक्षा नव्हती, प्रात्यक्षिकाचे गुण कापले तर कळेल. मी तिच्या शेजारीच बसले होते. मान खाली, बाकावर कोणीतरी कर्कटकानं कोरलेलं नाव वाचत. शेवटी मॅडम माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला. ‘तू खेळाडू आहेस, तुला वेळ मिळत नाही हे कळतं मला. पण असं करू नये.’

एवढंच. तिला दहा मिनिटं आणि मला एक ओळ. मॅडमचा हेतू वाईट नव्हता, त्या आम्हा खेळणाऱ्या मुलींचा नेहमीच विचार करायच्या. पण त्या क्षणी उठून ‘मी दिलं होतं तिला’ म्हणणं माझं काम होतं आणि मी उठले नाही. अंगावर शाळेच्या संघाचा ट्रॅकसूट होता.

शनिवारीही मी बोलले नाही. ती नेहमीसारखी शेजारी बसली. डबाही नेहमीसारखा वाटून खाल्ला, तिच्याकडे शेंगाचटणी आणि कडक भाकरी होती.

रविवारी, १९ जानेवारी २०२५ ला, दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्डकपची फायनल होती. आमच्या गल्लीत कधी खो-खो कोणी टीव्हीवर पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी पप्पांच्या मोबाइलभोवती दहा-बारा डोकी होती. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. नंतर पुरुषांनीही नेपाळलाच हरवून कप जिंकला, तिथेही कर्णधार महाराष्ट्राचाच, प्रतीक वाईकर. मी मुलींची मॅच संपल्या संपल्या घरातून पळत सुटले. त्याआधी आम्हा मुलींच्या तोंडी एकच नाव असायचं, शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेचं, २०२० च्या अर्जुन पुरस्काराचं. आता मातीतला आपला खेळ मॅटवर, दिव्यांखाली, अख्ख्या जगासमोर. हे सगळ्यात आधी कोणाला सांगायचं? पाय आपोआप मैत्रिणीच्या घराकडे वळले.

तिच्या घरी मी आधी गेले होते, पण नेहमी दारातूनच, घाईत. त्या दिवशी आत गेले. खोलीत पांढऱ्या शर्टांचा ढीग होता, गुडघ्याएवढा. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. तिची आई कारखान्यातून काजं झालेले शर्ट घरी आणते आणि बटणं लावून परत देते. मैत्रीण बल्बच्या खाली बसून बटणं लावत होती. चार भोकांचं बटण, दोनदा आडवं, दोनदा उभं, खाली तीन वेढे, गाठ, दातानं दोरा तोड. शर्टाला सात बटणं. बोलता बोलता तिचा हात थांबत नव्हता.

तिची आई हसून म्हणाली, ‘बस गं. आज मोकळी आहे ही. परवा तुझ्या वहीपायी वीस शर्ट राहिले, मग मीच बारापर्यंत बसले.’

काकू तक्रार करत नव्हत्या. जसं आपण पाणी उशिरा आलं म्हणतो, तसं म्हणाल्या. त्यांना वाटत होतं की मीही तेव्हा मैदानावर घाम गाळत होते. दर शर्टामागे पैसे मिळतात. वीस शर्ट म्हणजे किती हे मी डोक्यात मोजायला लागले आणि मग मला मोजवेना.

तिला बाहेर पायरीवर बोलावून मी सांगितलं. त्या दिवशी प्रॅक्टिस नव्हती. आम्ही गड्ड्यावर गेलो होतो.

ती म्हणाली, ‘माहितीये मला. दुसऱ्या दिवशी तुझ्या केसात नवी क्लिप होती की.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू बोलशील म्हणून थांबले.’

ती रडली नाही, भांडली नाही. मीच रडले, आणि तेही तिनं थोडा वेळ चालू दिलं. मग म्हणाली, ‘मला पण जायचं होतं गड्ड्यावर.’ जर्नल, बोलणी, शर्ट, सगळ्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. मी तिला विचारलंच नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी शिक्षकखोलीत गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण तिथं सगळं विसरले. एवढंच सांगितलं की सातही प्रयोग मी तिला लिहायला लावले, शेवटच्या वेळी प्रॅक्टिसही नव्हती, आणि शुक्रवारी वर्गात जे तिला बोललात ते माझं होतं. मॅडम बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पुढच्या सोमवारपर्यंत सात प्रयोग. नुसते लिहून नाही, करून.’ आणि सुट्टीनंतरच्या तासाला वर्गात येऊन माझ्या मैत्रिणीला त्यांनी स्वतः म्हटलं, ‘शुक्रवारी मी तुला जास्त बोलले.’ शिक्षक असं म्हणताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या बाईंबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

सरांकडे जाणं त्याहून अवघड होतं. २६ जानेवारीला गावातच एक दिवसाची स्पर्धा होती, आणि मला पाच संध्याकाळी सुट्टी हवी होती. कारण सांगितलं, सगळं. सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत ऐकून घेतलं. ‘जा. पण नवात तू नसशील,’ म्हणाले. ‘बारात असशील.’ म्हणजे राखीव. मला राग आला, खोटं कशाला सांगू. खरं बोलल्यावर काहीतरी परत मिळेल असं आपल्याला आतून वाटत असतं. तसं काही मिळत नाही. माझ्या जागी नववीतली एक मुलगी खेळली, आणि चांगली खेळली. मी बाहेर पाण्याच्या बाटल्या भरल्या, दोन डावांमध्ये तिच्या पोटऱ्या चोळल्या. तिला समोरच्या संघातली एक मुलगी डावीकडे हूल देऊन उजवीकडे निघते हे माहीत नव्हतं, ते सांगितलं. पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात तिनं चुकावं असं म्हणत होते. नंतर कधीतरी ते थांबलं. कधी, ते लक्षात नाही. त्या मुलीनं खांबावर सूर मारून गडी मारली तेव्हा मी सगळ्यांत आधी ओरडले होते.

त्या आठवड्यातली एक गोष्ट मात्र मला खूप जवळची आहे. भिंगाचा प्रयोग. प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर भिंग धरायचं, मागे पांढरा कागद, आणि लांबच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा मिळेपर्यंत कागद पुढे-मागे करायचा. मैत्रीण मोजपट्टी धरून शेजारी उभी होती, लिहायचं काम माझं. कागदावर आधी नुसता उजेड होता, मग हिरवट डाग, मग एकदम लिंबाचं झाड, उलटं, इवलंसं, पानं हलणारं. त्याच्या बाजूला आमचं मैदान. मैदानातला खांब वरून खाली लोंबत होता. भिंगापासून कागदाचं अंतर दहा सेंटिमीटरच्या जरा पुढे. मी जर्नलमध्ये तिनं काढलेली हीच आकृती आधी पाहिली होती आणि मला त्यातलं काहीही कळलं नव्हतं.

खेळाडू विद्यार्थ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे क्रीडा गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. यावरून वर्गात कधी कधी बोलणी होतात, ‘तुमचं काय बाबा, फुकटचे गुण.’ ते मला पटत नाही. पहाटे गुडघे सोलून घेणाऱ्या मुलीचे ते हक्काचे गुण आहेत. पण ते मैदानावरच्या कामाचे आहेत. मी मात्र त्या ट्रॅकसूटवर सगळीकडेच सवलत घेत होते: घरी, वर्गात, भावाकडून, तिच्याकडून. आणि ती सवलत देणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची एक पाळी होती, विड्यांची, पाण्याची, बटणांची.

फेब्रुवारीत मी सरांना आणखी एक सांगितलं. पाण्याच्या दिवशी मी अर्धा तास उशिरा येईन. मला वाटलं चिडतील. त्यांनी उलट सगळ्यांना रांगेत बसवून विचारलं, कुणाकडे पाणी कधी येतं. सोलापुरात प्रत्येक भागाचा दिवस वेगळा, वेळ वेगळी. चौदा मुलींपैकी अकरा जणींच्या घरी पहाटेचं पाणी निघालं. इतकी वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसत होतो आणि कुणाच्या घरी मागे कोण घागरी उचलतंय हे एकमेकींना माहीत नव्हतं. सरांनी साहित्याच्या खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. डावीकडे नावं, वर तारखा, पाण्याच्या दिवसाला निळी खूण. त्या दिवशी त्या मुलीनं सहाऐवजी साडेसहाला यायचं आणि संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबायचं. पाण्याचा दिवस पुढे-मागे सरकला की खडूनं दारावरच लिहायचं. तो कागद अजून आहे, फक्त तारखा बदलतात.

भावाच्या वहीत उशिराचा शेरा नंतर आला नाही. तो मला मोठी घागर उचलू देत नाही, म्हणतो तुझ्या खांद्याला लागेल, मॅच आहे. आम्ही यावर भांडतो.

१३ मेला निकाल लागला. मला ८१, तिला ८९. त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन तिच्याकडे गेले. जूनमध्ये शाळा सुरू होणार म्हणून शर्टांचा ढीग जानेवारीपेक्षाही मोठा होता, पंखा गरम हवा फेकत होता. मी सुई मागितली. ती हसली, पण दिली. पहिल्या शर्टाचं वरचं बटण लावायला मला पाच मिनिटं लागली. दोनदा आडवं, दोनदा उभं, तीन वेढे, गाठ. तिनं शर्ट हातात घेतला, बटण दोन बोटांत धरून जोरात ओढलं. ते सैल झालं. दोरा उसवून तिनं शर्ट माझ्या मांडीवर परत टाकला.

‘सहावीतल्या पोराचा आहे,’ म्हणाली. ‘घट्ट लाव की.’